तगादा, धरणे आणि दिवाणी कैद

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर हिंडलगा हे गाव येते. गणपतीच्या देवस्थानामुळे ते भाविकांना परिचित आहे आणि १९८६ च्या आंदोलनातील हुतात्म्यांच्या स्मारकामुळे सीमाभागातील मराठी माणसाच्या मनात त्याला वेगळे स्थान आहे. परंतु दूरच्या माणसास हे नाव ठाऊक असते ते तेथील मध्यवर्ती कारागृहामुळे. हे कारागृह १९२३ सालचे. १९५० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना येथेच काही महिने स्थानबद्ध करून ठेवण्यात आले होते. पुण्याकडे ‘येरवडा’ म्हटल्याने जो बोध होतो, तोच बेळगावकडे ‘हिंडलगा’ म्हटल्याने होतो. म्हणूनच हप्ता थकलेल्या कुटुंबाच्या दारात उभा राहून वसुलीचा माणूस जेव्हा तुरुंगाचे नाव काढतो, तेव्हा त्याला फारसे बोलावे लागत नाही. तुरुंग कोठे आहे, हे ऐकणाऱ्यास ठाऊकच असते.

कर्ज न फेडल्याबद्दल माणसाला खरोखरच तुरुंगात घालता येते काय? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते द्यावयाचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

‘तगादा’ हा शब्द मराठीत फार जुना आहे. आज तगादा म्हणजे वारंवार मागणी, एवढाच अर्थ आपण घेतो. पेशवाईच्या अखेरीस त्याचा अर्थ याहून पुष्कळ कठोर होता. १८१८ साली पेशव्यांचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात बेळगावचा किल्ला टॉमस मन्रोने घेतला. पुढील वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात कर्जवसुलीच्या देशी रीतीचे वर्णन आहे. सावकाराला न्यायाधीशाकडे जाण्याची निकड बहुधा भासत नसे. ऋणको आपल्यापेक्षा दुबळा अथवा बरोबरीचा असला, तर तो स्वतःच तगादा लावी. साध्या विनवणीपासून त्याचा आरंभ होई. मग दारावर माणूस बसे, ऋणकोला जेवू दिले जात नसे, आणि प्रसंगी त्याला जखडून ठेवीत किंवा डोक्यावर जड धोंडा देऊन भर उन्हात एका पायावर उभे करीत. ऋणको बलिष्ठ असला तर मात्र तगाद्याचे स्वरूप पालटे. धनको त्याच्या दाराशी जाऊन बसे, आक्रोश करी, उपाशी राही. आणि दारात माणूस उपाशी असता घरच्या धन्याने जेवणे अधर्म मानला जाई. यालाच धरणे म्हणत. आज संप आणि सत्याग्रहाच्या बातम्यांत आपण हा शब्द वाचतो, पण त्याचे मूळ वसुलीत आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या रीतीला रानटी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. तथापि तिच्यात एक गोष्ट होती: धनको आणि ऋणको एकाच गावचे असत. गाव पाहत असे. कुळाला पुरते उठविले तर उद्या शेत कोण कसणार, हा विचार सावकारालाही करावा लागे. शिवाय व्याजावर दामदुपटीचा दंडक होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, असे धर्मशास्त्र सांगते, आणि मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम पुढे मान्य केला.

इंग्रजी अमलात तगाद्याची जागा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने घेतली. वरवर पाहता ही सुधारणा होती; कोणी कोणाच्या डोक्यावर धोंडा देईनासा झाला. परंतु न्यायालय फक्त कागद पाहत असे. सावकाराने खत पुढे केले, त्यावर कुळाचा अंगठा किंवा नांगराची निशाणी दिसली, की दावा सिद्ध झाला. बहुतेक कुळे हजरही राहत नसत, आणि निकाल एकतर्फी होई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षे ठरविली. व्याज साचत जाऊ नये, असा हेतू असावा. घडले ते उलट. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि नव्या रकमेचे नवे खत करून घेई. शंभर रुपयांचे कर्ज या रीतीने काही वर्षांत अनेक पटींनी वाढे, आणि मधल्या काळात दिलेल्या धान्याची वा पैशाची पावती कुळापाशी नसे.

हुकूमनामा मिळाल्यावर सावकाराला दोन मार्ग मोकळे होते: मालमत्तेची जप्ती, नाही तर ऋणकोची अटक. या दुसऱ्या मार्गालाच दिवाणी कैद म्हणत. फौजदारी कैद्याने गुन्हा केलेला असतो. दिवाणी कैद्याने गुन्हा केलेला नसतो, त्याच्याकडून पैसा येणे असतो. म्हणून त्याच्या जेवणखर्चाची रक्कम सावकारानेच न्यायालयात आगाऊ भरावयाची असे. ती भरणे थांबले की कैदी सुटे. पण सुटल्याने कर्ज मिटत नसे. ते जसेच्या तसे उरे. सरकारला यातून काही मिळत नसे आणि धनकोला तर खर्चच होई. मग त्याचा उपयोग काय? उपयोग भीतीचा होता. भाऊबंद आणि सोयरे धावून येतील, दागिने मोडतील, पण घरचा माणूस सोडवतील, या हिशेबावर ही सारी योजना उभी होती. प्रत्यक्ष कैदेपेक्षा कैदेच्या वॉरंटानेच अधिक वसुली होई, हे उघड आहे.

इंग्लंडातही हेच चालत असे. चार्ल्स डिकन्स बारा वर्षांचा असताना, १८२४ साली, त्याच्या वडिलांना कर्जापायी लंडनच्या मार्शल्सी तुरुंगात जावे लागले आणि त्या कोवळ्या मुलाला कारखान्यात कामाला लागावे लागले. त्या अनुभवाची सावली त्याच्या कादंबऱ्यांवर जन्मभर पडली. इंग्लंडने १८६९ च्या कायद्याने साध्या कर्जासाठी होणारी कैद बव्हंशी बंद केली. हिंदुस्थानात मात्र ती चालू राहिली. राज्यकर्त्यांनी आपल्या घरी जे त्याज्य ठरविले ते येथे का ठेवले, याचे समाधानकारक उत्तर त्या काळच्या कागदपत्रांत शोधूनही सापडणे कठीण आहे.

दख्खनमध्ये याचा स्फोट १८७५ साली झाला. त्यापूर्वी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकारही हात सैल सोडून कर्ज देत होते. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमिनीचा सारा वाढविला. सावकाराने हात आखडला व जुनी येणी मागण्यास आरंभ केला. शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापायी तेथील देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यांचे राहते घर पाडले. ही गोष्ट १८७४ च्या डिसेंबरातील. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, पाणक्या कोणी त्यांच्याकडे जाईना. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेले लोक सावकारांच्या घरांत शिरले. पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील तीसेक गावांत हे लोण पोचले, आणि नऊशेंहून अधिक माणसांना अटक झाली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दंगेखोरांनी बहुतेक ठिकाणी जीव घेतले नाहीत. त्यांनी खते मागितली आणि जाळली. ज्या कागदावर न्यायालय भिस्त ठेवीत होते, नेमका तोच त्यांनी नाहीसा केला. अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला नव्या न्यायपद्धतीचे मर्म किती अचूक कळले होते, हे यावरून दिसते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा, संमत झाला. या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या पाठीमागे जाण्याचा अधिकार दिला. मूळ रक्कम किती होती, व्याज कसे चढले, मध्ये काय फेडले गेले, याचा हिशेब आरंभापासून मांडून खरे देणे ठरवावयाचे, अशी आज्ञा झाली. हप्ते बांधून देण्याची सोय झाली. पावती देणे सावकारावर बंधनकारक झाले. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही, असे स्पष्ट कलम घातले गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील खास न्यायाधीश म्हणून गावोगावच्या मुन्सफांचे काम तपासले. अर्थशास्त्रावरील त्यांच्या लेखनाला जो प्रत्यक्षाचा आधार दिसतो, तो काही अंशी या फिरतीतून आला असला पाहिजे.

पण हा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. बेळगाव जिल्हा त्यात नव्हता. १८३६ साली धारवाडपासून निराळा केलेला हा जिल्हा त्याच मुंबई इलाख्यात होता. येथील रयतही त्याच मातीत राबत होती आणि त्याच प्रकारच्या खतांवर अंगठे उठवीत होती. तरीही १८८० साली साताऱ्याच्या शेतकऱ्याला जी धास्ती उरली नव्हती, ती बेळगावच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कायम होती. दंगा जेथे झाला तेथे दिलासा मिळाला; जेथे लोक सोशीक राहिले तेथे तो उशिरा पोचला. विसाव्या शतकाच्या आरंभी या कायद्याची व्याप्ती इलाख्याच्या इतर जिल्ह्यांत वाढविण्यात आली.

कायद्याने पळवाटाही जन्माला घातल्या. गहाणखत केले तर न्यायालय हिशेब उकरून काढील, म्हणून सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. पैसे फेडल्यावर जमीन परत देऊ, असे वचन मात्र तोंडी असे. ज्याची पत मुळात थोडी, त्याला कोणी कर्जच देईनासे झाले, अशी तक्रारही त्या काळी पुष्कळ झाली. ती सर्वस्वी खोटी नव्हती. कर्ज मिळण्याचा दुसरा मार्ग उघडल्याखेरीज जुना मार्ग बंद करणे, हे विहीर खणण्यापूर्वी पाणवठा बुजविण्यासारखे होते.

दुसरा मार्ग सहकाराचा. जर्मनीत फ्रीडरिश रायफायझन याने ग्रामीण पतपेढ्यांचा पाया घातला. त्या धर्तीवर हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी बेळगावच्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यात, गदग तालुक्यातील कणगिनहाळ येथे, सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने पतपेढी निघाली. देशातील आरंभीच्या ग्रामीण पतपेढ्यांत तिचे नाव आदराने घेतले जाते. छोटा नागपुरात फादर हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०९ साली आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी अशीच पतसंस्था काढली. जमिनी सावकाराच्या घशात जात असलेल्या पाहून त्यांना उपदेशाबरोबर हिशेबाची वही हाती घ्यावीशी वाटली. युरोपात यापूर्वी साडेचारशे वर्षे, १४६२ साली, पेरुजिया येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांना अल्प व्याजावर गहाणकर्ज देणारी पेढी उघडली होती. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात एका सेवकाचा दाखला आहे. राजाने त्याचे प्रचंड ऋण माफ केले, आणि बाहेर पडताच त्याने आपल्या सोबत्याला क्षुल्लक रकमेसाठी तुरुंगात टाकले. कर्ज आणि कैद यांची सांगड किती पुरातन आहे, याची ही साक्ष होय.

दिवाणी कैदेलाही हळूहळू लगाम बसत गेला. १८८८ च्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रियांना अटक करणे बंद झाले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून कोणत्या वस्तू वगळावयाच्या, याची यादी दिली: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे, आणि रूढीप्रमाणे स्त्रीने उतरवू नये असे दागिने. मंगळसूत्र या शेवटच्या वर्गात मोडते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटकेसाठी राहत्या घरात शिरू नये, हाही नियम त्याच संहितेत आहे. १९३६ च्या दुरुस्तीने तर कैदेचा पायाच बदलला. ऋणकोला आधी नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावयाचे, आणि ऐपत असूनही तो देत नाही किंवा माल दडवितो, अशी न्यायाधीशाची खात्री पटली तरच कैदेचा हुकूम द्यावयाचा, असे ठरले. निर्धन माणूस आणि लबाड माणूस यांत कायद्याने प्रथमच नीट भेद केला.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात आणखी दोन महत्त्वाचे कायदे झाले. शेतकऱ्यांची जुनी कर्जे तोडून बांधून देणारा कायदा १९३९ चा. तो १९४७ साली नव्याने करण्यात आला. सावकारांना परवाना, वही व पावती यांची सक्ती करणारा मुंबई सावकारी कायदा १९४६ चा. या दुसऱ्या कायद्यात वसुलीच्या छळाची व्याख्या आहे, आणि ती वाचताना एल्फिन्स्टनचा अहवाल आठवल्यावाचून राहत नाही. ऋणकोला धाक घालणे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी त्याचा पाठलाग करणे, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागेजवळ घुटमळत राहणे, हे सारे शिक्षेस पात्र ठरले. सव्वाशे वर्षांपूर्वी जी रीत होती, ती आता अपराध झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यावर तेथे १९६१ चा सावकारी कायदा आला आणि २००४ साली जबर व्याजाला मनाई करणारा कायदाही झाला.

निपाणीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. तंबाखूच्या या पेठेत १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे–बंगळूर महामार्ग अडवून भावासाठी आंदोलन केले. एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. ती मागणी कर्जमाफीची नव्हती, मालाच्या भावाची होती. पिकाचा दाम ठरविणारा आणि हंगामापूर्वी उचल देणारा व्यापारी एकच असेल, तर सावकारी कायद्याची सारी कलमे वहीबाहेर राहतात.

आता मूळ प्रश्नाकडे. १९८० च्या फेब्रुवारीत कोचीनच्या एका बँकेच्या वसुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राद्वारे, निर्णायक शब्द दिला. निव्वळ कर्ज फेडता आले नाही, एवढ्याच कारणासाठी माणसाला तुरुंगात टाकणे हे राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी विसंगत आहे. ऐपत असता दुष्ट हेतूने देणे टाळले, असे सिद्ध झाले पाहिजे. संहितेतील कैद अद्यापि शिल्लक आहे, पण रक्कम दोन हजारांपर्यंत असेल तर ती मुळीच देता येत नाही, पाच हजारांच्या वर असली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही, आणि ती देण्याचा अधिकार न्यायाधीशाचा आहे. दारात उभ्या राहिलेल्या वसुली-प्रतिनिधीचा कदापि नाही. २००७ साली त्याच न्यायालयाने बँकांना वसुलीसाठी दांडगाई करणारी माणसे वापरू नका, अशी तंबी दिली.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. १९८९ पासून न वटलेला धनादेश हा फौजदारी अपराध आहे. देण्यापोटी दिलेला धनादेश परत आला, नोटिशीनंतरही रक्कम दिली नाही, तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणूनच पुष्कळ सावकार कर्ज देताना कोरे, सही केलेले धनादेश मागून घेतात. पूर्वीच्या कोऱ्या स्टँपकागदावरच्या अंगठ्याचा हा नवा अवतार होय.

गेल्या काही वर्षांत गावोगाव स्त्रियांच्या गटांना लघुवित्त संस्थांनी कर्जे दिली. तारणाची जागा येथे शेजारणीच्या हमीने घेतली आहे. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या साऱ्याजणी तिच्या दाराशी; तगादा लावण्याचे काम आता शेजारच करतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी घरातील एकूण मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, आणि सकाळी नवापूर्वी व सायंकाळी सहानंतर अशा कर्जदाराला वसुलीचे फोन करू नयेत, असे ठरविले. तरीही एका घरात चार-पाच संस्थांची कर्जे साचली. २०२५ च्या आरंभी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातही, वसुलीच्या जाचाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने वटहुकूम काढला. दहा वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड, ही शिक्षा फार जबर आहे, असे म्हणून राज्यपालांनी तो प्रथम परत पाठविला आणि नंतर फेब्रुवारीतच त्यावर संमतीची सही केली. कर्जाच्या निमित्ताने तुरुंगाची धमकी आता ऋणकोऐवजी धनकोला मिळाली, हा या इतिहासातील अगदी अलीकडचा पालट.

वसुलीचा माणूस दारात आला, तर त्याचे ओळखपत्र व संस्थेचे अधिकारपत्र मागण्याचा कर्जदाराला अधिकार आहे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवावी. १८७९ च्या कायद्याने ती देणे सक्तीचे केले ते उगाच नव्हे. जाच होत असेल तर प्रथम त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यास शुल्क पडत नाही. न्यायालयाची नोटीस आली तर मात्र ती घडी घालून फळीवर ठेवू नये. १८७० च्या सुमारास दख्खनच्या कुळांनी तेच केले आणि निकाल एकतर्फी झाले. हजर राहून आपले उत्पन्न, आपली माणसे, आपली अडचण न्यायाधीशापुढे मांडली तर हप्ते बांधून देण्याचा अधिकार त्यांना आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि अर्जदार स्त्री असेल तर उत्पन्नाची मर्यादा न पाहता तिला मोफत वकील मिळतो.